ओलेटाच्या मेजाखालचं यंत्र

कॉपर फोर्कमध्ये गेल्या हिवाळ्यापासून एक बातमी फिरते आहे. ओलेटा ब्रॅनमला तिच्या भाच्याने नाताळात नवंकोरं रेंजफाइंडर, म्हणजे शिकारीत अंतर मोजायचं यंत्र, दिलं, तर तिने ते कुंपणाच्या खांबावर ठेवलं, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि बाण सोडून त्याच्या भिंगाला आरपार भोक पाडलं. पेट्रोल पंपावरची बाई तर सांगते की बाण खांबात अजून रुतलेला आहे.

साफ खोटं. माझं घर ओलेटाच्या घराला लागून आहे, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जे दिसत नाही ते तिच्या अंगणात घडलेलंच नसतं. खरी हकिकत याहून वाईट आहे. ओलेटाने ते यंत्र खोक्यातून बाहेरसुद्धा काढलं नाही. तिच्या दुकानात खिम्याचं मशीन ज्या मेजावर बसवलंय, त्याचा एक पाय आखूड आहे. तिने ते खोकं त्या पायाखाली सरकवलं, मेज दोन्ही हातांनी हलवून पाहिलं आणि भाच्याला म्हणाली, "बरं केलंस कर्टिस. उताराचा हिशोब करतं म्हणाला होतास ना? झाला बघ हिशोब. मेज सरळ झालं."

कर्टिसचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. मी बघितला. कॉफीच्या निमित्ताने मी तिथेच होतो.

ओलेटाचं दुकान म्हणजे शिकारीचं मांस कापून, खिमा करून, पांढऱ्या कागदात गुंडाळून देण्याचं दुकान. सप्टेंबरपासून थंडी कडक होईपर्यंत या खोऱ्यात जे जे जनावर पडतं, ते तिच्या आकड्याला एकदा तरी लटकतं. त्यामुळे गावात कोणी काय मारलं, कुठून मारलं आणि घरी येऊन बायकोला काय सांगितलं, हे सगळं तिला ठाऊक असतं. मी एकदा हरिण घेऊन गेलो आणि सांगायला लागलो, की सपाटीवर समोरासमोर, अगदी शांतपणे नेम धरून मारलं. ती कातडं सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मर्ल, बाण कण्याला घासून शिरलाय आणि पोटाशी बाहेर आलाय. हरिण काय तुझ्यासमोर तिरकं झोपलं होतं? दरीच्या काठावरून मारलंस. आणि उंच मारलंस. चार बोटं अजून वर गेला असता तर नुसते केस घेऊन आला असतास."

"झाड नव्हतं तिथे," मी म्हणालो.

"झाड नव्हतं!" तिने सुरी खाली ठेवली, म्हणजे बघा. "कॉपर फोर्कमध्ये झाड नव्हतं! बाकी काही सांग, मी ऐकून घेईन."

ही झाडाची भानगड काय, ते सांगायला हवं. ओलेटाचे वडील लाकूडतोडे. त्यांनी तिला लहानपणी शिकवलं होतं, की उतारावरून खालच्या जनावराला मारायचं असेल तर जनावराकडे बघून अंतर ठरवायचं नाही. जनावराशेजारी जो उंच पाइन असेल, त्याच्या बुंध्यावर आपल्या डोळ्यांच्या उंचीला नजर लावायची. आपल्यापासून तिथपर्यंत सरळ आडवं जे अंतर, तेवढंच धरून बाण सोडायचा. कारण खाली बघताना डोळ्याला भरतं ते तिरकं, लांब अंतर. आणि बाणाला खाली खेचणारी जमिनीची ओढ मात्र आडव्या अंतरापुरतीच लागते. तिरकं अंतर धरलं की बाण जनावराच्या पाठीवरून निघून जातो. आमच्याकडे सगळ्यांचा जातो. खोऱ्याला जन्मजात दुखणं आहे ते.

ओलेटाकडे एक जुनं रेंजफाइंडर होतं, काळ्या चिकटपट्टीने बांधलेलं. ते नुसतं अंतर सांगायचं. ती ते बुंध्यावर रोखायची, आकडा वाचायची, बाण सोडायची. बस्स. नवी यंत्रं हेच काम स्वतः करतात: तिरकं अंतर मोजतात, किती उतार आहे ते बघतात आणि 'इतकं समजून मार' असा आकडा दाखवतात. कर्टिस हार्डवेअरच्या दुकानात मागच्या बाजूला धनुष्यबाणांचा विभाग चालवतो आणि असली यंत्रं विकतो. ओलेटा त्या विभागाला 'आळशांचं औषधालय' म्हणते.

धनुष्य तिच्या हातात कसं आलं, त्याचीही एक गोष्ट आहे आणि ती मात्र खरी आहे. तिचा नवरा रॉस एका वसंतात स्पोकेनला निघून गेला. जाताना बंदुका नेल्या, फ्रीझर नेला, कुत्रासुद्धा नेला. भिंतीवर टांगलेलं धनुष्य तेवढं ठेवून गेला, कारण ते त्याला कधी पूर्ण ओढताच आलं नव्हतं. ओलेटाने ते काढलं आणि पहिल्याच झटक्यात कानापर्यंत ओढलं. अर्धं जनावर एका हाताने आकड्यावर चढवणारी बाई ती. त्या शरद ऋतूत तिने पहिला एल्क, घोड्याएवढं हरिण, पाडला आणि रॉसला फोन करून विचारलं म्हणे, "फ्रीझर परत देतोस का? गरज आहे." हे 'म्हणे' तेवढं माझं. बाकी सगळं तिचं.

तर कर्टिसचं आणि तिचं हे भांडण जुनं. एकदा फायर हॉलमध्ये, गावाचा आगीचा बंब ठेवतात तिथे, आम्हा शिकारी मंडळींच्या भर सभेत, कर्टिस म्हणाला, "आत्या, मचाणावर बसूनसुद्धा हे यंत्र लागतं. वरून खाली मारतो ना आपण."

"चल," ओलेटा म्हणाली, "मोजू."

सगळी सभा तिच्या दुकानामागे आली. तिथे एका झाडाला मचाण बांधलेलं आहे. खाली फोमचं हरिण उभं केलं. कर्टिस वर चढला, नव्या यंत्रातून पाहिलं.

"काय म्हणतंय?" ओलेटाने खालून विचारलं.

"तिरकं वीस यार्ड."

"आणि उतार धरून?"

कर्टिस काहीतरी पुटपुटला.

"अरे, वरून ऐकू येत नाहीये. मोठ्याने."

"एकोणीस."

लोक इतके हसले की मचाण हललं. "एका यार्डासाठी बॅटरी!" ओलेटा म्हणाली. "हरणाने एक पाऊल टाकलं तर याहून जास्त फरक पडतो. उतर खाली, आणि पाय जपून टाक. तेवढ्या अंतराचं काही सांगतं का ते?"

आणि तिचं बरोबरच होतं. मचाण कितीसं उंच असतं? घराच्या छपराएवढं. जवळचं जनावर, थोडीशी उंची. तिथे उताराचा हिशोब करा नाही तर करू नका, बाण जाऊन बसतो तिथेच बसतो. त्या दिवसानंतर कर्टिसच्या दुकानात ती यंत्रं धूळ खात राहिली. नाताळात त्यातलंच एक त्याने आत्याला दिलं. चिडवायला दिलं की प्रेमाने, ते त्यालाच माहीत. ते मेजाखाली गेलं.

तिथेच राहिलंही असतं. पण जूनमध्ये ओलेटाला बोकड लागला.

डोंगरी बोकडाचा परवाना सोडतीत निघतो, आणि आमच्या राज्यात एका माणसाला तो बोकड आयुष्यात एकदाच मारता येतो. पांढराशुभ्र, दाढीवाला, कड्यांवर राहणारा. ओलेटा दरसाल अर्ज करायची, दरसाल नाव यायचं नाही, आणि दरसाल ती म्हणायची, "बोकडाला म्हणावं, थांब, मी अजून म्हातारी झाले नाही." या वर्षी तिचं नाव निघालं. तिने दुकानाबाहेर येऊन रस्त्यावर उभं राहून अशी आरोळी ठोकली की मला वाटलं बोट कापलं. मी टॉवेल घेऊन धावलो. तिने मला मिठी मारली. मला तिच्या शेजारी राहून बावीस वर्षं झाली, आणि ती पहिलीच मिठी. टॉवेल तिने नंतर परत दिला नाही.

त्या संध्याकाळी कर्टिस आला, पोर्चच्या पायरीवर बसला, हकलबेरी या रानफळाच्या गोड पाय-पेस्ट्रीचा मोठा तुकडा खाल्ला, दुसरा मागितला, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्या, बोकड राहतो कुठे?"

"बेकर सुळक्यावर. मला काय विचारतोस?"

"तिथे पाइन किती आहेत?"

बेकर सुळक्यावर पाइन नाहीत. झाडांची हद्द जिथे संपते, तिथून बोकडाचा मुलूख सुरू होतो. कुसळासारखं गवत, दगड आणि कडा. बुंधा नाही, डोळ्यांच्या उंचीला काही म्हणजे काहीच नाही.

"अंदाजाने थोडं कमी धरीन," ती म्हणाली.

"थोडं म्हणजे किती?"

"थोडं म्हणजे थोडं! इतकी वर्षं मारतेय मी. तुकडा संपव आणि घरी जा."

इथे आमच्या गावाची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. फायर हॉलच्या मंडळीत ज्याचा बाण जनावराच्या पाठीवरून जाईल, जनावर खरं असो की फोमचं, त्याने पुढच्या सभेला सगळ्यांसाठी चिली करायची. खिमा, राजमा, टोमॅटो, तिखट, मोठं पातेलं भरून, आणि वर मक्याचा पाव. माझी चिली गावात प्रसिद्ध आहे. यावरून माझ्या नेमाचं काय ते समजा. कर्टिसने पुष्कळदा केली आहे. पाद्रीबुवांनीही केली आहे. ओलेटाने कधीच नाही. तिला चिली करता येते की नाही, हेच कोणाला माहीत नव्हतं. खिमा तिचा, पातेलं दुसऱ्याचं, असा तिचा खाक्या.

जुलैत आमच्याकडे फोमच्या जनावरांवर नेमबाजी होते. रानातून वाट आखतात, वाटेवर ठिकठिकाणी फोमची जनावरं उभी करतात, आणि सगळं गाव धनुष्यं घेऊन फिरतं. या वर्षी वाट आखायची पाळी कर्टिसची होती. बाकी सगळं नेहमीसारखं केलं त्याने, पण शेवटचं जनावर जुन्या खाणीच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी ठेवलं. पांढरा फोमचा बोकड. वरून बघितलं तर छातीत धडकी भरावी असा उतार, नुसता पिवळा मुरूम, आणि शेजारी एक झुडूपसुद्धा नाही.

ओलेटा तिथे आली तेव्हा तिच्यामागे सगळं गाव होतं. सगळ्यांना कळलं होतं हा बोकड कोणासाठी ठेवलाय. तिने जुनं यंत्र काढलं, बोकडावर रोखलं. पंचेचाळीस यार्ड. इकडे तिकडे बुंधा शोधला. दिसेना. मान खाली घालून क्षणभर विचार केला.

"थोडं कमी," मी मागून हळूच म्हणालो.

"मर्ल, मेल्या, तोंड मिट."

तिने चाळीस धरलं. धनुष्य ओढलं, कंबरेतून वाकली, हात तसूभर हलला नाही, श्वास धरला, सोडला. बाण देखणा गेला. बोकडाच्या पाठीवरून हातभर उंच जाऊन पलीकडच्या दगडावर आपटला आणि त्याचा खण्णकन आवाज सगळ्या खाणीत घुमला.

कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. कर्टिसने स्वतःचं यंत्र काढून पाहिलं आणि घाईने खिशात ठेवायला गेला.

"सांग," ओलेटा म्हणाली.

"जाऊ दे ना आत्या."

"सांग म्हणते ना."

"बत्तीस."

ओलेटा खाली बघत राहिली. पंचेचाळीसच्या जागी बत्तीस. तिने 'थोडं कमी' धरलं ते पाच. लागत होते तेरा. मग तिने माझ्याकडे मान वळवली.

"मर्ल, तुझं ते हरिण. खरंच झाड नव्हतं?"

"नव्हतं."

"हं," ती म्हणाली. क्षमा वगैरे मागायची तिची पद्धत नाही. हे 'हं' मी जपून ठेवलंय.

पुढच्या सभेला चिली आली. तिने पातेलं टेबलावर आदळलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. आम्ही एकेक घास घेतला. मीठ नव्हतं. अजिबात नव्हतं. पाद्रीबुवांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली, आणि धर्मासाठी माणूस काय काय सोसतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

पण यंत्राचं नाव ती काढेना. कर्टिसने दोनदा विषय आणला, दोनदा तिने हाकलून लावलं. मला खरी काळजी लागली. चिलीची थट्टा ठीक आहे, पण बोकड एकदाच. आणि नुसता चुकला तर परवडला. उंच लागला, कण्याजवळ खरचटला, तर तो जखमी होऊन कड्यावर जाणार आणि तिथेच कुजत मरणार. असली जनावरं लोक शोधून, अर्धी खराब झालेली, ओलेटाकडेच आणतात. ती अशा दिवशी कोणाशी बोलत नाही. मांस धुते, खराब भाग कापून टाकते आणि आणणाऱ्याकडे बघतसुद्धा नाही. आता स्वतःच्या हातून तसं झालं असतं, तर तिने धनुष्य परत भिंतीला टांगलं असतं, कायमचं. हे ती बोलली नव्हती. शेजाऱ्याला कळतं.

ऑगस्टच्या शेवटी मी नेहमीप्रमाणे कॉफीला गेलो. ओलेटा खिमा करत होती. मी मेजावर कोपर टेकला, आणि मेज डुगडुगलं.

मी वाकून पाहिलं. आखूड पायाखाली खोकं नव्हतं. घेवड्याच्या शेंगांचा एक चपटा डबा होता.

"ओलेटा," मी म्हणालो, "शेंगा."

"मग?"

"नाही, काही नाही. मेज हलतंय."

"तुझ्या जिभेइतकं नाही हलत. कॉफी पी."

मी कॉफी प्यालो आणि तडक हार्डवेअरच्या दुकानात गेलो. जेवणाच्या वेळेपर्यंत गावातल्या प्रत्येक घरी बातमी पोचली होती की शेंगांचा डबा मेजाखाली गेलाय. पेट्रोल पंपावर ती 'ओलेटाने शेंगा खाणं सोडलं' अशी झाली, पण ते त्यांचं नेहमीचंच.

सप्टेंबरमध्ये आम्ही तिघं बेकर सुळक्यावर गेलो. ओलेटा, तिचा परवाना, आणि ओझं वाहायला कर्टिस आणि मी. शेवटचा पाइन मागे पडला तेव्हा तिने त्याच्या बुंध्यावर थाप मारली, कोणाचा निरोप घ्यावा तशी. मग वर, नुसते दगड. मला वाटत होतं की माझा जीव आता जातो, पण ओलेटाच्या आधी बसायचं कसं? मोठा चढ संपेपर्यंत कर्टिसचंही तोंड बंद होतं, म्हणजे त्यालाही तसंच वाटत असणार.

बोकड दुपारी दिसला. आमच्या खाली, कड्याच्या एका अरुंद पायरीवर, पाय दुमडून बसलेला, आणि समोरच्या सगळ्या मुलखाचा मालक असल्यासारखा रवंथ करत होता. म्हातारा, दाढी पिवळटलेली. ओलेटा पोटावर सरकत काठापर्यंत गेली. आम्ही मागे. वारा खालून वर येत होता. त्याचा वास आम्हाला येत होता, आमचा त्याला नाही.

तिने कोटाच्या खिशातून नवं यंत्र काढलं. कर्टिसने माझा दंड इतका जोरात दाबला की आठवडाभर निळा होता. तिने डोळ्याला लावलं, बटण दाबलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"एकोणीस," ती कुजबुजली. "एकोणीस? हे काय माझ्या नाकापर्यंतचं मोजतंय?"

कर्टिस पुढे सरकू लागला. तिने हातानेच त्याला थोपवलं. पुन्हा नुसत्या डोळ्यांनी खाली पाहिलं, यंत्रातून पाहिलं, थोडी डावीकडे सरकली. यंत्राने आमच्यासमोर बाहेर आलेल्या दगडाची कड मोजली होती. बोकड त्याच्या कितीतरी पुढे होता. एखादा नवशिका असता तर त्याने एकोणीस धरून बाण सोडला असता आणि बाण बोकडाच्या पायरीपर्यंत पोचलाच नसता. ओलेटाच्या डोळ्यांना एकोणीस यार्ड कसे दिसतात ते पाठ आहे. म्हणून तिला तो आकडा वेड्यासारखा वाटला. तिने दगडाची कड सोडून मोजलं.

"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली. मग खालचा आकडा वाचला. "सदतीस."

आणि थांबली. आम्हाला तिची फक्त पाठ दिसत होती. मी त्या बाईला बर्फात, पुरात, घटस्फोटात पाहिलंय. पण असं थांबलेलं पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं ज्यावर ती हसली, ज्याला मेजाखाली ठेवलं, त्याच्या एका आकड्यावर आयुष्यातला एकुलता एक बोकड टाकायचा की नाही? तिचा अंदाज म्हणत असणार, पस्तीस-सदतीस कसं असेल, बघ ना किती लांब आहे. खाणीतही तो असंच म्हणाला होता.

तिने यंत्र खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं. म्हणजे ठरलं. पुन्हा बघणार नव्हती.

आता बोकडाने उठायचं होतं. तो काही उठेना. ऊन सरकलं, माझ्या पायाला मुंग्या आल्या, कर्टिसला शिंक आली आणि ती त्याने टोपीत गिळली. ओलेटा दगडासारखी. शेवटी साहेब उठले. आधी मागचे पाय, मग पुढचे, अंग झाडलं आणि आमच्याकडे कूस करून खाली बघत उभे राहिले.

ती गुडघ्यावर आली. धनुष्य ओढलं, कंबरेतून वाकली, खाणीत वाकली होती अगदी तशीच. तेव्हाही तिच्या अंगात काही चूक नव्हती. चूक आकड्यात होती. बाण सुटल्याचा आवाज मला आला, लागल्याचा आला नाही. बोकडाने एक पाऊल टाकलं, दुसरं अर्धं टाकलं, आणि त्याच पायरीवर हळूच आडवा झाला, झोपायला जावं तसा. कड्यावरून पडला नाही. पळाला नाही. बाण पुढच्या पायामागे, मधोमध.

कर्टिस रडला. मी डोळ्यात गेलेला दगडाचा कण काढत होतो. ओलेटाने धनुष्य खाली ठेवलं, खाली उतरून त्या बोकडापाशी गेली आणि खूप वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून बसली. मग आम्हाला हाक मारली, "या आता! का मीच उचलून आणू?"

तिने आणलाही असता.

नंतरच्या फायर हॉलच्या सभेत इतकी गर्दी झाली की लोक आगीच्या बंबाच्या पायऱ्यांवर बसले. बोकडाच्या खिम्याची चिली मी केली, कोणी न सांगता, मीठ घालून. सगळे वाट बघत होते ती एकाच गोष्टीची. कर्टिस पहिल्या ओळीत, नव्या शर्टात. त्याच्या दुकानात त्या आठवड्यात तीन यंत्रं विकली गेली होती, आणि त्यातलं एक मी घेतलं होतं, माझ्या मचाणासाठी. कर्टिस बिचारा नको म्हणत होता, पण मी ऐकलं नाही.

तिची वाटी रिकामी झाल्यावर मीच उभा राहिलो. कोणीतरी विचारायला हवंच होतं.

"ओलेटा," मी म्हणालो, "सगळ्या गावासमोर सांग. नाताळापासून मेजाखाली होतं ते. आता एकदाचं सांगून टाक, ते उताराचं यंत्र घेण्यासारखं आहे की नाही?"

ओलेटाने तोंड पुसलं. कर्टिसकडे पाहिलं आणि मान डोलावली, एकदाच, आणि कर्टिसला तेवढं पुरलं. त्याचे कान लाल झाले. मग ती माझ्याकडे वळली.

"कड्यावर जाणाऱ्याने घ्यावं, आणि ते खोटं बोललं तर ओळखता येण्याइतकी नजर आधी कमवावी. तू मचाणावर झोपतोस, मर्ल. तू उशी घे. आणि ते यंत्र मला दे, शेंगांचा डबा फुगलाय."